तळाचं काळं कापड

वाटीच्या कडेवर चमचा टिचकला, आणि दुपारच्या त्या पेंगुळलेल्या घराने कान टवकारले.

बाळ नुकतंच झोपलं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून लवंडल्या होत्या. पुढे कारखान्यात नवऱ्याची मशीन जरा थांबली होती. ती मागच्या दाराच्या पायरीवर उकिडवी बसून, दुधात कुस्करलेल्या पावाची वाटी पुढे सरकवत दबक्या आवाजात हाक मारत होती, "ये गं मावशे. ये पटकन. नाहीतर मलाच ऐकून घ्यावं लागेल."

कारखाना म्हणायचं ते आपलं नावाला. रस्त्याकडची एक लांबोडकी खोली. तिच्यात उलट्यापालट्या खुर्च्या, फोमचे तुकडे, कापसाची पोती, भिंतीला टेकवलेले हाडंबरगड्या निघालेले सोफे. तिचा नवरा सोफे दुरुस्त करायचा. मोडका सोफा आला की त्याचं कातडं सोलायचं, पट्टे ताणायचे, स्प्रिंगा दोरीने आवळायच्या, फोम, मग नवं कापड. हे सगळं त्याचं. आणि अगदी शेवटी सोफा पाठीवर पाडून तळाला काळं कापड ठोकायचं, ते तिचं. लग्न होऊन आल्यावर शिकलेलं हे पहिलं काम. पिनांचं यंत्र हातात बसलं होतं. बाळाच्या दोन झोपांच्या मध्ये ती एक सोफा बंद करून टाकायची.

त्या कामाचा एक नियम होता. कापड ठोकण्याआधी आत हात फिरवायचा. खाली, बाजूला, सोफ्याच्या हातांच्या पोकळीत, कोपरापर्यंत. एकदा नवऱ्याची कात्री एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात राहिली होती आणि गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला ती नको तिथे टोचली होती. तेव्हापासून "हात फिरवलास का?" हा प्रश्न या घरात "जेवलीस का?" पेक्षा जास्त वेळा विचारला जाई.

मांजर आली तेव्हा बाळ दीडेक महिन्याचं असेल. करड्या अंगाची, एक कान फाटका, पोट असं की चालताना दोन्हीकडे हेलकावे खायचं. मागच्या पायरीवर येऊन बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. मागत काही नव्हती. नुसती बघत होती. बाईनं बाईकडं बघावं तशी.

"कोण गं ही?" टिल्लीने विचारलं. टिल्ली म्हणजे तिची थोरली, वय वर्षं पाच, तोंड वय वर्षं पन्नास.

"वाघाची मावशी."

"मग माझी पण मावशी," टिल्लीने निकाल दिला. तिला खरी मावशी नव्हती. मामा नव्हता, आणि आजोळची आजीही ती जन्मण्याआधीच गेलेली.

सासूबाईंना हे नातं फार आवडलं. "बरं झालं बाई," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "इतक्या वर्षांत सूनबाईंच्या माहेरचं एक माणूस तरी आलं. तेही रिकाम्या हातांनी आणि भरल्या पोटानं. बसवा सोफ्यावर!"

ती हसली होती. हसण्यावारी नेलं की गोष्ट लवकर मिटते, हे तिला ठाऊक झालं होतं. पण त्या दिवसापासून तिने स्वतःच्या चहातलं दूध वाचवायला सुरुवात केली. दोन्ही बाळंतपणांत तिच्याजवळ बसायला कुणी आलं नव्हतं. पाठीखाली उशी सरकवायला, 'जरा पड' म्हणायला कुणी नव्हतं. आठव्या महिन्यातही ती सोफ्याखाली वाकून पिना ठोकत होती, आणि पोट आडवं येतं म्हणून कुशीवर होऊन ठोकत होती. धाकटं झाल्यावर तर संध्याकाळ झाली की तिला उगाचच रडू यायचं. "तिन्हीसांजेला घरात रडं लावू नकोस," सासूबाई म्हणायच्या. "एवढाच उमाळा येतो तर ये जाऊन चार दिवस कुठंतरी." कुठंतरी म्हणजे कुठे? जायला माहेर उरलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मग तिने मांजरीला म्हटलं, तुझं मी करीन. पुठ्ठ्याचं खोकं आणलं, तळाशी कापूस, वर स्वतःचा धुऊन मऊसूत झालेला गाऊन. खोकं जिन्याखाली आडोशाला ठेवलं. मावशीने येऊन ते हुंगलं, आत एक पाय घातला, काढला, आणि शेपटी वर करून निघून गेली.

"नाक मुरडलं!" टिल्ली खिदळली. "तिला नवीन सोफा पाहिजे असेल."

आणि परवा मावशी आली ती पोट रिकामं घेऊनच. बरगड्या दिसत होत्या, आचळं ओली, लाल. घाईघाईने खाल्लं आणि कुठे गेली ते कळलंच नाही. तिने आणि टिल्लीने जिन्याखाली पाहिलं, पोत्यांमागे, फळीवर, शेजारच्या जळणात. पिल्लांचा पत्ता नव्हता.

"लपवली असतील," ती टिल्लीला म्हणाली. "आईला वाटतं, कुणाची नजर नको."

"माझी पण?"

"तुझी तर आधी!"

आज दातांच्या डॉक्टरांचा मोठा सोफा जायचा होता. नवा दवाखाना, पुढच्या खोलीत बसायला हा सोफा, आणि तो पसंत पडला तर दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्यांचं काम. नवरा दोन दिवस त्याच्याभोवती नवरदेवासारखा फिरत होता. सोफा भिंतीला लावून ठेवलेला, वरून झकास, खालून अजून उघडा. तेवढं काळं कापड राहिलं होतं. आणि टेम्पोवाला अर्धा तास आधीच येऊन दारात भोंगा वाजवत होता.

"ती भटकी आधी बाहेर काढ," सासूबाई उठून बसत म्हणाल्या. "सोफ्यावर एक केस दिसला तर डॉक्टर दुसऱ्याकडे जाईल."

म्हणून ती वाटी, म्हणून तो चमचा.

मावशी आली. कारखान्यातूनच आली, पण नेमकी कुठून ते तिने पाहिलं नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की बिचारी भुकेजून आली. वाटीत तोंड घातल्यावर तिने मावशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मागचं दार हळूच ओढून कडी घातली.

"अगं, चल लवकर!" नवऱ्याने सोफा पाठीवर पाडला होता. तिने कापड पसरलं, एका कडेला पिना मारल्या. कट्, कट्, कट्. मग सवयीने हात आत घालायला वाकली.

"आता हात फिरवत बसू नकोस. मी बघितलंय. टेम्पो सुटला तर आजचा दिवस गेला."

आत कुठेतरी बारीक चूं झालं. तिने ऐकलं. ही गोष्ट ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती, पण तिने ऐकलं होतं. आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की उजव्या हाताकडची स्प्रिंग दोरीला घासते आहे. दुसरी कुणी असती तर दचकली असती. पण या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला सोफ्यातून आलेला आवाज स्प्रिंगेचाच वाटणार.

"स्प्रिंग वाजतेय," ती म्हणाली.

"वाजू दे. नवी आहे."

मागच्या दारावर मांजर नखं ओरबाडत होती. पाळण्यात बाळ जागं होऊन टाहो फोडत होतं. तिच्या ब्लाउजवर दुधाचा डाग उमटू लागला. तिने उरलेल्या तिन्ही कडा एका दमात मारून टाकल्या.

सोफा गेला. नवऱ्याने घाम पुसला आणि कधी नव्हे ते म्हणाला, "हात चालतो हं तुझा."

दार उघडल्याबरोबर मावशी तिच्या पायांमधून बाणासारखी कारखान्यात घुसली. जिथे सोफा उभा होता तिथे जमिनीवर धुळीची एक चौकट उरली होती. मावशी तिच्यात शिरली. भिंत हुंगली. गोल फिरली. पुन्हा भिंत हुंगली. मग त्या रिकाम्या चौकटीच्या मधोमध बसून तिने जी हाक घातली, ती ऐकून पाळण्याशी बसलेल्या हिच्या छातीत दोन्हीकडे एकदम पान्हा दाटून आला. बाळ पीत होतं एका बाजूला, आणि दुसरी बाजू आपोआप ठिबकत होती.

आधी अंगाला कळलं. मग तिला.

"अहो," ती बाळ तसंच छातीशी धरून बाहेर आली. "अहो, पिल्लं आत आहेत. सोफ्याच्या हातात. मी बंद केली."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं. त्याला पटलं, हे तिला दिसलं. पटलं म्हणूनच तो चिडला.

"काहीतरीच काय! मला दिसली नसती?"

"हात नाही फिरवला आपण."

"बरं मग? काय सांगू मी डॉक्टरांना? तुमच्या कोऱ्या सोफ्यात बाळंतपण झालंय, जरा फाडू द्या? दवाखाना आहे तो. उद्या गावभर होईल, याच्याकडे सोफ्यात मांजरं वितात म्हणून."

"नुसता तळ उघडायचा. वरच्या कापडाला हातसुद्धा लागणार नाही. मी उघडते, मी बंद करते."

"दोन दिवसांत विसरते मांजर," सासूबाई आतून म्हणाल्या. "जनावराला कुठे असतं आपल्यासारखं?"

टिल्ली दारात उभी राहून सगळ्यांची तोंडं बघत होती. तिच्यासमोर नवऱ्याचा आवाज जरा खाली आला. "बरं, करतो फोन." तो मोबाईल घेऊन रस्त्यावर गेला, खांबाशी उभा राहिला, फोन कानाला लावून दोन येरझाऱ्या घातल्या आणि परत आला. "उचलत नाहीत. टेम्पोवाल्याला विचारलं, तो म्हणतो बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील. सोमवारी सकाळी मी स्वतः जातो. झालं समाधान?"

झालं नव्हतं. पण नवरा खोटं बोलत असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही. लग्नात मिळालेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक होती, की हा माणूस रागीट आहे, घाबरट आहे, पण खोटा नाही.

रात्रभर मावशी त्या चौकटीत हाका घालत राहिली. सकाळी टिल्लीने तिच्यापुढे वाटी ठेवली, चमचा वाजवला. मावशीने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. चमच्याचा आवाज ऐकून ती उलट मागे सरली. तेवढं पाहिलं आणि हिचा निश्चय झाला.

"बाळाला जरा हवेवर नेते," ती म्हणाली. पिशवीत लंगोट घातले, लंगोटांच्या खाली पिना उपटायचा चिमटा, पिनांचं यंत्र, कात्री आणि काळ्या कापडाचा तुकडा. बाहेरगावी तर बाहेरगावी. दवाखान्याला खिडकी असेल, रखवालदार असेल, किल्ली कुणाकडे तरी असेल. बाळाला कडेवर घेऊन ती भर उन्हात चालत निघाली.

रखवालदार नव्हता. दवाखान्याच्या वरच डॉक्टरांचं घर होतं आणि दार डॉक्टरांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात पेपर.

"तुम्ही... परत कधी आलात?" तिच्या तोंडून निघालं.

"कुठून परत?"

"मी सोफेवाल्यांची बायको. बाहेरगावी गेला होतात ना?"

"मी? इथेच आहे. बरं झालं आलात, चला खाली. कालपासून तुमचा सोफा कुरकुरतोय हो. सकाळी तुमच्या मिस्टरांना फोन केला तर म्हणाले, नवी स्प्रिंग आहे, दोन दिवसांत आवाज आपोआप बंद होईल. आता बघा, कमीच झालाय बऱ्यापैकी."

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला. काल तिनेही स्प्रिंगच म्हटलं होतं. पण तिने न कळून म्हटलं होतं.

डॉक्टर भले निघाले. तिने खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, एक शिवी गिळली आणि सोफा पाठीवर पाडायला हात दिला. बाळाला त्यांच्या बायकोने घेतलं. ही गुडघ्यांवर बसली आणि आपण काल मारलेल्या पिना एकेक करून उपटू लागली. किती जवळजवळ मारल्या होत्या! एवढं नेटकं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

कापडाची कड सुटली. तिने हात आत घातला. खाली, बाजूला, हाताच्या पोकळीत, कोपरापर्यंत.

पहिलं थंड लागलं. दुसरंही. मूठभर, लाकडासारखी. तिसरं त्या दोघांच्या खाली होतं, आणि बोट लागताच त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. नुसतं गुलाबी तोंड उघडलं आणि मिटलं.

दोघांना तिने काळ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलं. तिसऱ्याला ब्लाउजच्या आत, छातीच्या उबेला ठेवलं. मग सोफा नीट बंद केला. डॉक्टर म्हणत होते, असू दे, उद्या त्यांना पाठवा. "नाही," ती म्हणाली, "माझं काम आहे." ठोकून झाल्यावर त्यांच्या आवाराच्या कोपऱ्यात खड्डा खणायची तिने परवानगी मागितली.

घरी येताना ती जवळजवळ पळत होती. कडेवर बाळ, छातीशी ते चिमुकलं. "आलं हं, आलं घर," ती पुटपुटत होती. "तुझी आई बसलीय. वाट बघत बसलीय बघ." नवऱ्याला काय बोलायचं त्याची वाक्यं ती वाटेत जुळवत होती, पण आधी पिल्लू त्या चौकटीत ठेवायचं, मावशीने त्याला मानेला धरून उचललेलं डोळे भरून पाहायचं, मग बाकी सगळं.

कारखान्यात लख्ख झाडून काढलं होतं. धुळीची चौकट पुसली गेली होती. नवरा एका खुर्चीचं कापड ताणत होता.

"मावशी कुठंय?"

"सोडून आलो." त्याने वर पाहिलं नाही. "पोत्यात घालून, पुलाच्या पलीकडे. कोकलून कोकलून डोकं उठवलं होतं. रात्रभर तुझ्या डोळ्याला डोळा नाही, बाळाला झोप नाही. तुझ्यासाठीच केलं."

तिने छातीतून पिल्लू काढून त्याच्यासमोर, अर्ध्या ताणलेल्या त्या खुर्चीवर ठेवलं. ते डोकं हलवत कापड हुंगू लागलं.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "दोघांचा आवाज तुम्ही म्हणालात तसा आपोआप बंद झाला. दोन दिवससुद्धा लागले नाहीत."

नवऱ्याने तोंड उघडलं, मिटलं; अगदी त्या पिल्लासारखं. मग चपला शोधल्या, पोतं उचललं. "बघून येतो. तिथेच असेल. कुठे जाणार?"

"आता जेवायच्या वेळेला?" सासूबाई ओरडल्या. "मांजरीपायी?" पण तो गेला होता.

तो जाईल, पुलापलीकडे मावशी, मावशी करत फिरेल. पोतं हातात घेतलेल्या माणसाच्या हाकेला कोणतं मांजर येतं? त्याला येईपर्यंत अंधार होईल, आणि तो हात हलवत येईल, हे तिला आत्ताच दिसत होतं. त्यावर भांडायचं की त्याची कीव करायची, हेही तिला ठरवता येईना. रागीट आणि घाबरट एवढंच माहीत असलेल्या माणसाबरोबर ती इतकी वर्षं नांदली होती. आता त्यात तिसरी गोष्ट मिळाली होती, आणि तिच्यासह पुढची वर्षं काढायची होती.

टिल्लीने पोत्यातून कापसाची बट ओढून आणली. दोघी मागच्या पायरीवर बसल्या. वाटीत कोमट दूध, त्यात कापसाची वात भिजवून ती पिल्लाच्या तोंडाशी धरत होती. थेंब ओठांवरून ओघळत होता. मध्येच एखादा आत जात होता. आत बाळ भुकेने कुरकुरायला लागलं आणि तिच्या छातीत पुन्हा कळ आली. डोळ्यांतून पाणी केव्हा वाहायला लागलं तिला कळलं नाही. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पिल्लाच्या पाठीवर पडला तेव्हा कळलं.

टिल्लीने तो आपल्या बोटाने पुसला. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. आत आजी जागी आहे का, हे तिने मान वळवून पाहिलं आणि अगदी कानाशी येऊन विचारलं,

"आई, मावशी फार रडली म्हणून बाबांनी तिला सोडून दिलं ना?"

"हं."

"मग तू किती रडलीस की तुला सोडून येतील?"